हाँगकाँगमधल्या मराठी घरांना: आपल्या घरातल्या 'आते'च्या हिशेबाबद्दल

नमस्कार मंडळी,

हाँगकाँगमध्ये राहणाऱ्या आणि घरकामाला फिलिपिनो बाई (आमच्या घरी तिला 'आते' म्हणतात) ठेवणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबासाठी हे पत्र आहे. यंदा गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाच्या ताटल्या हातात घेऊन आपण जे बोललो त्यावर मी त्या दिवशी गप्प बसले. घरी आल्यावर झोप लागली नाही. जे तोंडावर बोलायला हवं होतं, ते आता लिहून सांगते आहे.

विषय असा निघाला. आपल्यातल्याच एका घरी वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. कामाच्या बाईने कुठल्याशा सावकारी कंपनीकडून कर्ज काढलं होतं, हप्ते थकले होते आणि अर्जावर मालकाचा नंबर होता. आठवडाभर फोन आल्यावर घरच्यांनी तिच्या हातावर महिन्याचा पगार ठेवला आणि तिला काढून टाकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. 'यांना पैशाची किंमतच नसते.' 'हातातला फोन बघितलास का तिच्या?' मग कुणीतरी सुचवलं की मंडळाने या बायकांसाठी बचतीवर एक व्याख्यान ठेवावं.

व्याख्यान जरूर ठेवू. पण ते ऐकायला पहिल्या रांगेत आपण बसायला हवं, असं मला वाटतं.

माझं पोटच हिशेबावर चालतं, त्यामुळे हिशेबानेच बोलते. काम सुटलं की इथल्या नियमानुसार या बाईला दोन आठवड्यांत हाँगकाँग सोडावं लागतं. १९८७ पासून हा नियम आहे. राहण्याचं घर मालकाचंच असतं, म्हणजे नोकरीबरोबर त्याच रात्री छप्परही जातं. तिने गावी परत जायचं, पुन्हा एजन्सी, पुन्हा मेडिकल, पुन्हा व्हिसाची वाट, असे दोन-चार महिने बिनपगारी काढायचे. कर्ज मात्र चालूच राहतं. म्हणजे थकलेल्या कर्जामुळे आपण तिला काढलं आणि ते कर्ज फिटण्याचा एकुलता एक मार्गही त्याच क्षणी बंद केला. वसुलीवाल्यांनी फोन करून जे साधलं नाही, ते त्यांचं काम आपण पूर्ण केलं.

आणि त्या फोनची भीती कशाची होती? तुम्ही जामीन म्हणून सही केली नसेल तर तिच्या कर्जाशी तुमचा काडीचा संबंध नाही. 'मी जामीन नाही, पुन्हा फोन करू नका' एवढं एकदा लेखी कळवा. तरी धमक्या आल्या तर पोलिसांकडे जा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ते कर्ज आलं कुठून?

फिलिपिन्स सरकारने २००६ मध्ये नियम केला की घरकामासाठी परदेशी जाणाऱ्या बाईकडून एजन्सीने नोकरी लावून दिल्याचे पैसे घ्यायचेच नाहीत. हाँगकाँगचा कायदा म्हणतो की इथली एजन्सी तिच्याकडून फार तर पहिल्या पगाराच्या दहा टक्के घेऊ शकते. ३० सप्टेंबर २०२५ पासूनच्या करारांना किमान पगार ५,१०० हाँगकाँग डॉलर आहे, म्हणजे कमाल ५१०. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात 'ट्रेनिंग फी', 'प्रोसेसिंग', 'मेडिकल', 'होस्टेलचा खर्च' अशा नावांनी कितीतरी जणींकडून कित्येक पगारांची रक्कम काढली जाते. ती त्यांच्याकडे नसतेच. मग निघण्यापूर्वी किंवा इथे उतरल्यावर त्यांना सावकारी कंपनीच्या कागदावर सही करायला लावतात.

इथे परवानाधारक सावकाराला वर्षाला ४८ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. २०२२ च्या डिसेंबरअखेर ही मर्यादा खाली आणली, त्याआधी ती ६० होती. २०,००० डॉलर वर्षभरासाठी ४८ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण २,०५० येतो. पगार ५,१००. उरलेल्या तीन हजारांत तिचं गाव, तिची मुलं आणि ती स्वतः. अशात एखाद्या महिन्यात आईला दवाखान्यात ठेवावं लागलं की पहिला हप्ता भरायला दुसरं कर्ज, हे ओघानेच येतं.

आता आपल्याकडे बघू. 'अमकी एजन्सी घे, मालकाकडून जवळजवळ काहीच घेत नाही' हे वाक्य आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अनेकदा वाचलंय. एजन्सीला ऑफिसचं भाडं आहे, माणसं आहेत, दोन देशांत कागद हलवायचे आहेत. हा खर्च मालक देत नसेल तर तो कोण देतंय, हा प्रश्न आपण विचारत नाही. आपल्याला जे फुकट पडतं त्याचं बिल तिच्या नावावर फाटलेलं असतं. पुढे तिचं कर्ज उघडं पडलं की आपणच म्हणतो, हिला पैशाची किंमत नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाहीये. अकरा वर्षांपूर्वी आम्हीही अशीच स्वस्तातली एजन्सी निवडली होती. आमच्याकडे जी बाई आली तिला माझी लहानगी मुलगी 'आते' म्हणू लागली. टागालोग या त्यांच्या भाषेत 'आते' म्हणजे ताई, पण माझ्या सासूबाईंना वाटलं नात हिला आत्याच मानते, आणि मग ती आमच्या सगळ्या घराचीच आते झाली. या आतेने नोकरीसाठी पैसे भरले होते आणि त्यासाठी कर्ज काढलं होतं, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. तेही ती सांगायला आली म्हणून नाही. आठवड्याच्या सुट्टीला ती घराबाहेर पडेनाशी झाली म्हणून मी खोदून विचारलं तेव्हा. बसचे पैसे वाचवत होती.

तेव्हा मी पहिल्यांदा तो करार नीट वाचला. सरकारी छापील करार, जो तुमच्याही घरात फाईलला लागलेला आहे. त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट लिहिलंय: मेडिकल, वकिलातीचे शिक्के, व्हिसा, विमा, फिलिपिन्सच्या सरकारी खात्याची फी, हा सगळा खर्च मालकाचा. तिने भरला असेल तर तिने पावती दाखवताच मालकाने तो परत करायचा. मी सही केली होती आणि वाचलं नव्हतं. आम्ही तिचे पैसे परत केले, पण चार महिन्यांचं व्याज ती भरून बसली होती. शिवाय तिचा पासपोर्ट आम्ही 'नीट राहावा' म्हणून आमच्या कपाटात ठेवला होता. पासपोर्ट ही फिलिपिन्स सरकारची मालमत्ता असते आणि तो तिच्याचकडे असायला हवा. तो ना मालकाने ठेवायचा, ना सावकाराने तारण म्हणून. त्या संध्याकाळी मी तो तिच्या हातात दिला तेव्हा तिने तो उघडून आपला फोटो बघितला. हे मला अजून आठवतं.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. पगाराच्या दिवशी गेटवर पठाण उभा असायचा. पगाराचं पाकीट हातात पडायच्या आत व्याज त्याच्याकडे जायचं आणि मुद्दल तिथेच राहायचं. कुडाळजवळच्या गावात आजी मनीऑर्डरची वाट बघत असायची. आतेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडेही असतो. तिकडे पाच घेतले की सहा परत द्यायचे, म्हणून त्या कर्जालाच 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात. दारोदार मोटारसायकलवर वसुलीला फिरणारा पुष्कळदा भारतीय असतो, बहुतेक पंजाबी. लोक त्याला 'बुंबाय' म्हणतात. बुंबाय म्हणजे बॉम्बे. आपल्या मुंबईचं नाव तिकडे सावकाराचं नाव होऊन बसलंय, हे ऐकून मला बराच वेळ काही बोलता आलं नाही.

तर मग पाच हजार शंभरचं होतं काय? आतेच्या परवानगीने सांगते. तीन हजारांच्या आसपास ती गावी पाठवते. तिचं गाव इसाबेला प्रांतात, भात आणि मक्याचा मुलूख. एका हाँगकाँग डॉलरला तिकडचे सात पेसोंच्या वर मिळतात. धाकट्या भावाचं शिक्षण तिने पुरं केलं, आता मुलाची कॉलेजची फी आहे. घर एकेक खोली करत उभं राहतंय, आणि एका वादळाने एकदा त्याचे पत्रे नेलेत. मोठ्या बहिणीने भावंडांना वर काढायचं, भावंडांनी ते ऋण विसरायचं नाही, याला तिकडे 'उतांग ना लोओब' म्हणतात. आपल्याकडे वेगळा शब्द शोधायला नको, उपकाराची जाण आपल्यालाही कळते. चाकरमान्याच्या पैशावर उभी राहिलेली घरं कोकणात गावोगाव आहेत.

राहिलेल्या पैशांत तिचं स्वतःचं म्हातारपण आहे, आणि इथे आपल्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. हाँगकाँगमध्ये तुम्हाआम्हाला एमपीएफ, म्हणजे सक्तीचा निवृत्ती निधी आहे, मालक भरतो आणि आपण भरतो. घरकामगार त्या कायद्यातून वगळलेले आहेत. वीस वर्षं इथे राबली तरी निवृत्तीसाठी तिच्या नावावर एक डॉलरही जमत नाही. कायमच्या रहिवासाचा हक्कही नाही, तो दावा २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने फेटाळला. म्हणजे परत जायचंच आहे आणि रिकाम्या हाताने जायचं नसेल तर तिलाच काहीतरी करायला हवं.

तिला जे करता येतं ते तिच्याच देशात आहे. एसएसएस, म्हणजे तिकडचा पेन्शन फंड. परदेशात काम करणाऱ्याने महिन्याला किमान १,२०० पेसो भरायचे असतात आणि पेन्शन हवी तर निदान १२० महिने भरलेले असावे लागतात. दुसरं म्हणजे पाग-इबिग या सरकारी गृहनिधीची एमपी-टू योजना. पाच वर्षांची मुदत, ५०० पेसोंपासून सुरुवात, लाभांश करमुक्त. २०२४ सालचा लाभांश ७.१ टक्के होता. दोन्हीकडे फोनवरून पैसे भरता येतात. हो, त्याच फोनवरून, ज्याच्याबद्दल त्या दिवशी एवढी चर्चा झाली. मुलगा तापाने फणफणलाय हेही तिला त्याच फोनवर दिसतं.

आतेला या योजना ठाऊक होत्या. मी तिला शिकवल्या नाहीत, तिनेच मला समजावल्या. अडचण माहितीची नव्हतीच. कर्ज फिटेपर्यंत बाजूला टाकायला पैसे नव्हते, एवढंच.

त्यांच्या भिशीबद्दलही सांगायला हवं. 'पालुवागान' म्हणतात. दहा-बारा जणी, दर महिन्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीला सगळा गल्ला. अगदी आपल्या सोसायटीतल्या भिशीसारखं. बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्यांना एकरकमी पैसे मिळायचा हा रस्ता. पण त्यात एकीची नोकरी मध्येच गेली की तिची राहिलेली भरणी थांबते आणि बाकीच्या जणी अडकतात. सेंट्रल भागात पुठ्ठे अंथरून बसलेल्या बायकांचे घोळके आपण रविवारी बघतो ना, त्यातल्या एखाद्या घोळक्याचं वर्षाचं गणित आपल्यातल्या कुणाच्या तरी रागाच्या भरातल्या एका निर्णयाने कोसळू शकतं.

आपल्या सवयींबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. डोंबिवलीत, पुण्यात आपल्याकडे बाईचा करार नसतो. पगार 'येत्या चार-पाच तारखेला बघू', खाडे धरायचे, उचल दिली तर पुढच्या महिन्यात सगळी वळती करायची. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण आपल्यातल्या किती जणांनी आपल्या बाईची नोंद केली होती? त्या सवयी आपण सामानाबरोबर इथे आणल्या. इथे मात्र प्रत्येक गोष्टीला नियम आहे. पगाराचा महिना संपल्यापासून सात दिवसांच्या आत पगार द्यायचा. जेवण देत नसाल तर महिन्याला १,२३६ डॉलर वेगळे. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी. आजारपणाचा, दवाखान्याचा खर्च मालकाचा. वस्तू फुटली तर एका वेळी ३०० डॉलरच्या वर कापता येत नाहीत. उचल वळती करताना एका पगारातून चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही.

या उचलीवर थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. तिच्या घरी मरण झालं, पूर आला, फी भरायची राहिली, की ती पहिल्यांदा कुणाकडे जाते? आपल्याकडे यायला तिला भीती वाटत असेल तर ती सावकाराकडे जाते. आतेचा आणि माझा एक साधा नियम आहे. वर्षातून एकदा, एका पगाराइतकी रक्कम, बिनव्याजी, सहा महिन्यांत फेड. वहीत तारीख, रक्कम, दोघींच्या सह्या. अकरा वर्षांत तिने ही उचल चार वेळा घेतली, चारही वेळा फेडली. कारण मी विचारत नाही. बँकेने मला घराचं कर्ज दिलं तेव्हा मी सणाला साड्या किती घेते हे कुणी विचारलं नव्हतं.

पगार बँकेत द्या, ठरलेल्या तारखेला. 'या महिन्यात आम्ही भारतात होतो, आल्यावर दिला' हे आपल्यासाठी आठ दिवस असतात. तिकडे फीची शेवटची तारीख उलटते आणि ते आठ दिवस भागवायला कुणीतरी पाचाचे सहा करतं. सुट्टीवर जाताना तिला परत येण्यासाठी सरकारी दाखला लागतो, दर दोन वर्षांनी कामगार कल्याण संस्थेची, ओडब्ल्यूडब्ल्यूएची, २५ अमेरिकी डॉलरची वर्गणी भरावी लागते. ॲडमिरल्टी भागातल्या फिलिपिन्सच्या वकिलातीत जायला एखादा दिवस लागला तर तो खाडा धरू नका.

एक आठवण सहज आली म्हणून. फिलिपिन्समध्ये घरकाम करणाऱ्यांसाठी २०१३ मध्ये कायदा झाला. त्यांच्याच देशात घरकाम करणाऱ्या बाईला लेखी करार, पेन्शन फंड आणि वर्षाला तेरावा पगार मिळायलाच हवा, असं तो म्हणतो. घरकामगाराला त्यात 'कासाम्बहाय' म्हटलंय, म्हणजे घरातला सोबती. हाँगकाँगमध्ये तेरावा पगार सक्तीचा नाही. पण दिवाळीच्या बोनसची रीत आपल्या रक्तात आहे आणि डिसेंबरमध्ये त्यांचा नाताळ असतो.

शेवटी काम संपतानाचं, जिथे आपल्या लोकांकडून चुका होताना मी स्वतः पाहिल्या आहेत. गेल्या काही वर्षांत आपली किती घरं सिंगापूरला, दुबईला, परत पुण्याला गेली! निघताना अनेकांनी बाईकडून राजीनामा लिहून घेतला. 'साधी फॉर्मॅलिटी' म्हणून. त्या एका कागदाने तिचं काय जातं ते बघा. दोन वर्षं किंवा जास्त काम झालं असेल आणि कुटुंब निघून चाललंय म्हणून तिची गरज उरली नसेल, तर तिला कायद्याने भरपाई मिळते: महिन्याच्या पगाराचे दोन तृतीयांश, गुणिले वर्षं. पाच वर्षांहून अधिक काम झालेल्या बाईला तुम्ही एरवी काढलंत, तरी गंभीर गैरवर्तन सोडता हाच हिशेब लागतो. राजीनामा दिला की हे सगळं गेलं.

आणि दुसरी गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊकच नाही. मालक देश सोडून चाललाय, त्याची बदली झालीय, मालक वारलाय किंवा पैशाच्या अडचणीमुळे काढावं लागतंय, अशा कारणांनी करार मोडला तर इमिग्रेशन तिला हाँगकाँग न सोडता नवा मालक शोधायची परवानगी देऊ शकतं. त्यासाठी तुमच्या पत्रात खरं कारण स्वच्छ लिहिलेलं असावं लागतं. दोन ओळींचं पत्र. विमानाचं भाडं, नवी एजन्सी, चार महिने बेकारी, कदाचित नवं कर्ज, एवढं सगळं त्या दोन ओळी वाचवू शकतात. ज्यांची घरं पुढच्या सहा महिन्यांत हलणार आहेत त्यांनी निदान हा एक परिच्छेद दोनदा वाचा.

माझी मुलगी येत्या वर्षी बाहेर शिकायला जाते आहे. आतेचा करार मार्चमध्ये संपतो आणि आम्ही तो नव्याने करणार नाही, कारण घरात तेवढं काम उरणार नाही. अकरा वर्षं झाली. पगाराचे दोन तृतीयांश म्हणजे ३,४००, गुणिले अकरा, म्हणजे ३७,४०० डॉलर तिचे आमच्याकडे निघतात. हे सांगितल्यावर एका मैत्रिणीने विचारलं, 'तिने मागितले का गं?' नाही मागितले. ती मागणारही नाही.

कोजागिरीला सगळे भेटतोच आहोत. मी तो छापील करार आणि कोरी वही घेऊन येईन. ज्या बाईला काढून टाकलं तिचं कुटुंब कुठे आहे, तिने भरलेल्या कुठल्या पावत्या तिच्याकडे आहेत आणि त्यातलं किती त्या घराकडून परत यायला हवं, हे मला त्या घराबरोबर बसून मांडायचं आहे. ते येतील अशी आशा आहे. तुमच्याही फाईली घेऊन या.

तुमचीच,
हंग होमची एक हिशेबनीस